गावातला दवाखाना 'पूर्ण क्षमतेने' सुरू ठेवा म्हणजे नेमकं काय मागायचं?

कडुलिंब

आमचं तालुक्याचं गाव. मराठवाड्यात आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बहिणीचा दीर त्याच दवाखान्यात नोकरीला आहे. एसटी स्टँड, भाजी मंडई आणि सरकारी दवाखाना, तिन्ही एकमेकांपासून पाच मिनिटांवर. दवाखाना उपजिल्हा दर्जाचा, शंभर खाटांचा.

आता बायपासला, गावापासून सात किलोमीटरवर, गायरानात नवी इमारत उभी राहिली आहे. टोलेजंग, दर्शनी भागाला काचा. प्रसूती, ऑपरेशन, अपघात विभाग, लहान मुलांचा वॉर्ड सगळं तिकडे हलणार, आणि जुन्या जागी 'बाह्यरुग्ण विभाग राहील' असं तोंडी सांगितलंय. बाह्यरुग्ण म्हणजे सकाळी खोकल्याच्या गोळ्या. या जागेवर पुढे व्यापारी संकुल येणार अशीही कुजबुज आहे, पण कागद कुणी पाहिलेला नाही.

मागच्या श्रावणातली गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीतल्या केळीवाल्याच्या सुनेला रात्री दोनला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लागला, पण गाडी दुसऱ्या केसवर गेलेली. सासऱ्याने हातगाडीवरच्या केळीच्या पाट्या खाली उतरवल्या, वर दोन गोधड्या टाकल्या, सुनेला झोपवलं आणि आम्ही चौघांनी गाडी ढकलत नेली. एक चाक सारखं चिरकत होतं, त्या आवाजाने गल्लोगल्ली कुत्री उठली. बारा मिनिटांत गेटवर. सिस्टर बॅटरी घेऊन पायऱ्या उतरून खाली आल्या. वीस मिनिटांनी मुलगा झाला. हीच हातगाडी सात किलोमीटर, बायपासच्या ट्रकांमधून?

कृती समिती झाली आहे. निवेदन एका ओळीचं आहे : 'रुग्णालय आहे त्या जागी पूर्ण क्षमतेने सुरू ठेवावे.' साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "अहो, बंद कोण करतंय? ओपीडी आहेच की." आम्ही गप्प. बाहेर आल्यावर लक्षात आलं की 'पूर्ण क्षमता' म्हणजे काय हे आमच्यातल्या एकालाही धड सांगता येत नाही.

कुणी अशी लढाई लढलंय का? जिंकलंय का?

खुसपट

आधीच सांगतो, शिव्या खाणार आहे. पण नव्या इमारतीला विरोध कशासाठी? तुम्हीच म्हणता मंडईशेजारी आहे. बाजाराच्या दिवशी ॲम्ब्युलन्स आत कशी शिरते? आमच्याकडच्या जुन्या दवाखान्यात पावसाळ्यात वॉर्डात बादल्या ठेवायचे. नवीन झालं तर तिथेही 'जुनंच बरं' म्हणणारे निघाले. आठवणींवर ऑपरेशन होत नाहीत.

मंजिरी_प

+१ कडुलिंब. हातगाडीचा प्रसंग वाचून पोटात कालवलं.

रानभेंडी

आमच्या तालुक्याला एकच स्पेशालिस्ट आहे. रेफरॉलॉजिस्ट. काहीही घेऊन जा, 'जिल्ह्याला न्या' लिहून देतो. एकदा माझा चष्मा फुटला म्हणून गेलो तर तोही रेफर केला. (दिवे घ्या.)

भूलभुलैया

कडुलिंब, मी भूलतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरीत अकरा वर्षं काढली. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि ते सरकारच्याच भाषेत आहे, त्यामुळे साहेबांना नाही म्हणता येत नाही.

'प्रथम संदर्भ सेवा केंद्र' असा एक दर्जा असतो, इंग्रजी आद्याक्षरांनी एफआरयू. त्याच्या तीन अटी आहेत. चोवीस तास सिझरसकट तातडीची प्रसूती. आजारी नवजात बाळाची देखभाल. आणि चोवीस तास रक्त, म्हणजे स्वतःची रक्तपेढी नाहीतर निदान रक्त साठवणूक केंद्र. यातलं एक नसलं तर बोर्डावर काहीही लिहा, ते केंद्र चालू नाही.

आता रात्री दोनला एक सिझर करायचं तर काय लागतं ते मोजा. स्त्रीरोगतज्ज्ञ, मी, बाळ घ्यायला बालरोगतज्ज्ञ, दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय), जुळणाऱ्या गटाच्या रक्ताच्या दोन पिशव्या, जनरेटरमध्ये डिझेल, आणि झाल्यावर टेबल धुणारा सफाई कामगार. नऊ-दहा गोष्टींची साखळी. यातली एक कडी काढली की ऑपरेशन थिएटर म्हणजे एसी लावलेली खोली. मी रजेवर असलो की माझ्या दवाखान्यात सिझर बंद असायचं. बातमी 'स्त्रीरोग विभाग सुरू' अशीच यायची, आणि ती खोटीही नसायची.

म्हणून सांगतो, दवाखाना आदेश काढून कुणी बंद करत नाही. आधी भूलतज्ज्ञाला 'तात्पुरत्या प्रतिनियुक्तीवर' दुसरीकडे पाठवतात. सिझर थांबतात, मग बाळंतपणं घटतात. मग 'रुग्णसंख्या कमी' म्हणून सिस्टर हलवतात. सहा महिन्यांनी आकडे काढून दाखवतात की बघा, लोकच येत नाहीत.

खुसपट यांचा मुद्दाही उडवून लावण्यासारखा नाही. मी ज्या थिएटरमध्ये काम केलं तिथे छताचा पोपडा निर्जंतुक ट्रेमध्ये पडलेला मी पाहिलाय. इमारतीसाठी भांडू नका. पदांसाठी भांडा.

खुसपट

भूलभुलैया, धन्यवाद. मीही तेच म्हणतोय, फक्त मला शिव्या पडतात.

टेम्सकाठ

दुसऱ्या टोकाची, पण जिंकलेली गोष्ट सांगतो. २०१२-१३ मध्ये आम्ही आग्नेय लंडनमध्ये कॅटफर्डला राहायचो. आमचं हॉस्पिटल म्हणजे लुइशम. भर वस्तीत, बसथांब्याला लागून.

झालं असं की शेजारचा साउथ लंडन हेल्थकेअर नावाचा ट्रस्ट, म्हणजे तिकडची सरकारी हॉस्पिटलं चालवणारी संस्था, कर्जात बुडाला. त्यांच्या इमारती खासगी कंपन्यांनी बांधलेल्या आणि हप्ते कित्येक वर्षं फेडायचे. सरकारने प्रशासक नेमला. त्याने उपाय सुचवला तो असा : लुइशमचा पूर्ण अपघात विभाग आणि पूर्ण प्रसूती विभाग खालच्या दर्जाचा करा, जागेचा मोठा हिस्सा विका. म्हणजे दिवाळं शेजाऱ्याचं आणि जप्ती आमच्या घरावर! लुइशमचे स्वतःचे हिशेब व्यवस्थित होते, अपघात विभाग तर नुकताच कोट्यवधी खर्चून नवा केलेला.

पहिला मोर्चा नोव्हेंबर २०१२ मध्ये, धो धो पावसात. माझी बायको सात महिन्यांची गरोदर, छत्री धरून चालली. मला वाटलं होतं शंभर-दोनशे लोक असतील. हजारो होते. २६ जानेवारी २०१३ ला दुसरा निघाला, त्याला पंचवीस हजारांच्या आसपास माणूस आल्याचं संयोजक सांगत. आपला प्रजासत्ताक दिन म्हणून मी खिशाला तिरंग्याची पिन लावून गेलो होतो. एका आजीबाईंनी विचारलं, ही कुठल्या युनियनची? मिलवॉल हा तिथला फुटबॉल क्लब, त्याच्या पाठीराख्यांची ख्याती काही फार सभ्य नाही. त्या क्लबने शनिवारचा सामना मोर्चाच्या आड येऊ नये म्हणून शुक्रवारी रात्री घेतला. अशाने चळवळ घरोघरी पोचते.

तरी पाच दिवसांनी आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी थोडाफार बदल करून योजना मंजूर केलीच. मग कोर्ट. दोन अर्जदार होते, एक बचाव समिती आणि दुसरी चक्क लुइशमची नगरपालिका. मुद्दा भावनेचा नव्हता. मुद्दा असा की कायद्याने प्रशासकाला अधिकार दिलाय तो बुडालेल्या ट्रस्टपुरता, शेजारच्या चांगल्या हॉस्पिटलला हात लावायचा नाही. ३१ जुलै २०१३ ला हायकोर्टाने मंत्र्यांचा निर्णय बेकायदा ठरवला, ऑक्टोबरमध्ये अपिलातही तेच झालं.

आणि आता कडू घास. सरकारने पुढच्याच वर्षी, २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये, एक कलम घालून प्रशासकाचे अधिकार शेजारच्या हॉस्पिटलांपर्यंत वाढवून घेतले. आमचं हॉस्पिटल वाचलं, पण पुढच्यांसाठी ते दार अरुंद झालं.

माझी मुलगी तिथेच जन्मली. फॉर्मवर जन्मस्थळ लुइशम लिहिताना अजून बरं वाटतं.

रानभेंडी

आमच्याकडे मोर्चासाठी सामना पुढे ढकलत नाहीत, सामन्यासाठी मोर्चा ढकलतात.

अंगतपंगत

टेम्सकाठ, छान लिहिलंय. पण तिकडे नगरपालिका सरकारविरुद्ध कोर्टात गेली. आमची नगरपालिका जागेवर गाळे काढायला टपलेली. दोन्हींची तुलना कशी करायची?

टेम्सकाठ

ठराव मागून बघा. गाळ्यांची कुजबुज खोटी असेल तर ठराव करायला त्यांना काहीच हरकत नसेल. खरी असेल तर तेही कळेल.

गिरणगाव

परळचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझी आजी गिरणीत होती, आईचा जन्म नवरोजी वाडिया प्रसूतिगृहातला. ते १९२६ चं. शेजारचं बाई जेरबाई वाडिया हे मुलांचं रुग्णालय १९२९ चं. गिरणी कामगारांच्या बायकापोरांसाठी उभं राहिलेलं काम, ट्रस्ट वाडियांचा, पण खर्चाला पालिका आणि राज्य सरकार यांचं अनुदान. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे केईएम आणि टाटा. गिरण्या गेल्या, टॉवर आले, ही मात्र अजून आहेत.

जानेवारी २०२० मध्ये बातमी आली की पैसे संपलेत, नवे रुग्ण घेणं थांबतंय. ट्रस्ट म्हणे अनुदान थकलंय. पालिका म्हणे आधी हिशेब आणि नेमणुकांचं बोला. मी या वादात पडत नाही, दोन्हीकडे बोलण्यासारखं होतं. पण गेटवर काय होतं ते पाहिलंय. लाल झेंडेवाले कामगार, नर्सा, आणि त्यांच्या मध्ये फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या आया. पोरांच्या नाकाला नळी, हाताला सुईची पट्टी. एक बाई सोलापूरहून आलेली, घोषणा चालू असताना मला विचारत होती, "ताई, आजचा नंबर लागंल का?" तिला आंदोलन वगैरे माहीतच नव्हतं.

संक्रांतीच्या तोंडावर मंत्रालयात बैठक झाली, पालिका आणि राज्य मिळून ४६ कोटी सोडायचं ठरलं. त्याच आठवड्यात हायकोर्टाने सरकारला सुनावलं की पुतळ्यांसाठी पैसे असतात आणि गरिबांच्या मुलांच्या उपचाराला नसतात का. बातम्यांचा मथळा तोच झाला. दोन महिन्यांनी कोरोना आला. तेव्हा हे बंद पडलेलं असतं तर, असा विचार मी करत नाही, करवत नाही.

यातून मी एवढं शिकले की थकलेलं अनुदान हेही कुलूपच असतं. ते दिसत नाही एवढंच. कडुलिंब, तुमच्या दवाखान्याच्या औषधांच्या पैशांचं काय चाललंय ते बघा.

संगणकवाला

ऑनलाइन याचिका करा ना. मी फॉर्म बनवून देतो, एका दिवसात दहा हजार सह्या.

मंजिरी_प

दहा हजारांतले आठ हजार पुणे-बंगळूर-न्यूजर्सीचे. साहेब पिनकोड बघणार नाहीत असं वाटतं?

संगणकवाला

बरोबर आहे. तरी फॉर्म बनवला होता. :( ठेवून देतो.

कायदेपंडित_नाही

आयडी प्रामाणिक आहे, मी तालुका कोर्टात वकिली करतो. हायकोर्टाची पायरी चढण्याआधी एक निकाल वाचून ठेवा : पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९९६. एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी 'खाट नाही', 'सोय नाही' म्हणत परत पाठवला. शेवटी खासगीत जाऊन पदरचे पैसे घातले. कोर्टाने म्हटलं, वेळेवर तातडीचे उपचार न मिळणं हा कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला चालणार नाही. त्याला भरपाईही द्यायला लावली.

पण म्हणून कोर्ट 'इमारत इथेच ठेवा' म्हणेल असं नाही. इमारत कुठे असावी हा धोरणाचा विषय, त्यात कोर्ट सहसा पडत नाही. 'या गावात रात्री प्रसूती होत होती, आता होणार नाही, आणि पर्यायी सोय अमुक अंतरावर आहे पण तिथे अजून भूलतज्ज्ञ नाही' असं शपथपत्र घालाल तेव्हा ऐकेल. म्हणजे भूलभुलैया म्हणतात तेच. आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रत्यक्ष हजर किती, प्रतिनियुक्तीवर कोण आणि कुठे. चौथा प्रश्न विसरू नका. कागदावर पद भरलेलं असतं आणि माणूस शंभर किलोमीटरवर.

मेडिक्लेमवाला_बंड्या

प्रामाणिक शंका. आता महात्मा फुले योजना आहे, खासगीत कार्ड चालतं. मग सरकारी दवाखान्यासाठी एवढा आटापिटा का?

सिस्टर_सुमन

बंड्यादादा, मी सेवानिवृत्त परिचारिका. तुम्हाला घोणस चावली तर कुठल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला कार्ड दाखवणार? सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच असते, फुकट मिळते ती सरकारीत. किती कुप्या लागतील सांगता येत नाही. कुत्रं चावलं, विष प्यालं, मारामारीत डोकं फुटलं, जळालं, खासगीवाला दारातूनच म्हणतो, पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या. मेल्यावर पोस्टमॉर्टेमही तिथेच. कार्ड ऑपरेशनला चालतं हो. विंचवाला कुठे चालतंय.

आणि मला वेगळंच बोलायचं होतं. सगळे पेशंट कसा जाईल ते बोलतायत. सिस्टर कशी जाईल? आमची नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. गावातला दवाखाना होता तेव्हा मी पोरांना जेवायला घालून, साडेसातला डबा घेऊन चालत जायची. बायपासला सात किलोमीटर, संध्याकाळी शेवटची बस गेल्यावर कोण सोडणार? नवरा नसलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या किती जणी आहेत माहीत आहे का? नव्या इमारतीत नर्सेस क्वार्टर आहेत का ते विचारा. नसतील तर पहिल्या सहा महिन्यांत बायका बदल्या मागून जातील आणि तुमच्या काचेच्या इमारतीत रात्री एक सिस्टर तीन वॉर्ड बघेल. मी बघितलेत, तीन वॉर्ड एकटीने. एकीकडे सलाइन संपतंय, दुसरीकडे बाळ निळं पडतंय.

भूलभुलैया

सुमनताई, हात जोडले. मी पदं मोजली, क्वार्टर विसरलो.

गिरणगाव

अवांतर : सर्पदंशाची ती लस आमच्या परळच्या हाफकिनमध्येही बनत आलीय. लहानपणी शाळेच्या सहलीत तिथे साप दाखवायचे, विष काढताना. मी आठवडाभर झोपले नव्हते.

अंगतपंगत

अवांतरच चाललंय तर : सरकारी दवाखान्याबाहेरच्या टपरीवरच्या चहाची सर कुठल्याच चहाला नाही. वडील ॲडमिट असताना अठरा दिवस प्यायलो. टपरीवाल्याला कुठल्या खाटेवर कोण, कुणाचं सलाइन सुटलं, सगळं ठाऊक. डॉक्टर राउंडला यायच्या आधी तो डिस्चार्जचा दिवस सांगायचा. बायपासला ही टपरी हलणार नाही, तिथे फूड मॉल येईल.

रानभेंडी

आमच्याकडच्या टपरीवाल्याने तर एकाला 'साखर कमी घाला' म्हटल्यावर विचारलं, फास्टिंग झाली का?

रंकाळा

आमचं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, सीपीआर बघा की. छत्रपती प्रमिलाराजे, भर गावात, दसरा चौकाच्या पलीकडं, टाउन हॉलच्या बागेसमोर. कोकणातनं घाट चढून माणूस येतंय, निपाणी-चिकोडीकडनं येतंय, उतरलं की चालत आत. शेंडा पार्कात मेडिकल कॉलेज आणि मोठं नवीन रुग्णालय हा विषय आमच्याकडं पण हाय. नवीन व्हावं की, कोण नाही म्हणतंय. पण गावातलं पण राहावं. दोन्ही मागितलं तर काय बिघडलं? दोन भाकरी मागितल्या तर एक मिळती, एक मागितली तर चतकोर.

खुसपट

रंकाळा, मागायला काही जात नाही. पण एकाच तालुक्यात दोन भूलतज्ज्ञ कुठून आणणार? एक मिळताना मारामार. दोन अर्धे दवाखाने झाले तर एकही पूर्ण नसेल. हे भूलभुलैयांनीच सांगितलं, दहा कड्यांची साखळी. ती दोन जागी तुटक ठेवायची की एका जागी सलग? मला खरंच उत्तर हवंय, काडी घालत नाहीये.

भूलभुलैया

प्रश्न रास्त आहे. माझं मत : एका जागी सलग ठेवा. मोठ्या शस्त्रक्रिया, आयसीयू नव्या जागी जाऊ द्यात. पण ती साखळी नव्या जागी पूर्ण जुळून निदान काही महिने चालल्याशिवाय जुन्या जागेची एकही कडी काढू द्यायची नाही. 'आधी तिकडे सुरू, मग इकडे बंद', हा क्रम लेखी घ्या. आमच्याकडे नेहमी उलटं होतं. इकडचं टेबल उचलतात, तिकडे वीजजोडणी बाकी असते, आणि मधल्या काळात बाया जीपमध्ये बाळंत होतात.

आणि गावात चोवीस तास काय उरायलाच हवं ते वेगळं : साधं बाळंतपण, सर्पदंश, श्वानदंश, प्रथमोपचार करून स्थिर करणं, आणि दारात कायम उभी असलेली एक ॲम्ब्युलन्स, ड्रायव्हरसकट. याला भूलतज्ज्ञ लागत नाही. केळीवाल्याच्या सुनेलाही लागला नव्हता.

जिल्ह्याच्या गावांना आणखी एक इशारा. मेडिकल कॉलेज आलं की जिल्हा रुग्णालय आरोग्य खात्याकडून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे जातं. दोन खाती, दोन सचिव. मधली माणसं परत मूळ खात्यात बोलावली की वॉर्ड ओस पडतो आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. तुमचा तालुका आहे म्हणून तूर्त वाचलात.

मंजिरी_प

मला खुसपट आवडायला लागलेत.

खुसपट

घरी सांगतो.

कडुलिंब

धागा वर काढतोय, दोन महिने झाले. सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देणं जमलं नाही.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. स्त्रीरोगतज्ज्ञाची दोन पदं, दोन्ही 'भरलेली'. त्यातले एक दोन वर्षांपासून प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याला. भूलतज्ज्ञ कंत्राटी, आठवड्यातून तीन दिवस. म्हणजे आम्ही जो दवाखाना वाचवायला निघालो होतो तो आठवड्यातले चार दिवस सिझरसाठी आधीपासूनच बंद होता, आणि गावात कुणाला पत्ता नव्हता. केळीवाल्याची सून नशिबाने नॉर्मल झाली. कायदेपंडित_नाही, चौथा प्रश्न लाख मोलाचा निघाला.

सुमनताईंचा निरोप समितीत वाचून दाखवला. समितीत सतरा पुरुष आणि शून्य बाया होत्या, हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. आता दोन सिस्टर (सुट्टीच्या दिवशी, नाव न देता), एक आशा ताई आणि केळीवाल्याची बायको आहे. ती फारसं बोलत नाही. पण मागच्या बैठकीत साहेबांना तिने विचारलं, "रात्री तिकडं दिवा असतो का हो रस्त्याला?" साहेबांकडे उत्तर नव्हतं. नव्या इमारतीत क्वार्टर नकाशात आहेत, जमिनीवर फक्त पाया आहे.

निवेदन बदललं. एका ओळीचं होतं, आता दीड पान आहे. वर 'एफआरयूच्या तिन्ही अटी नव्या जागी पूर्ण होईपर्यंत इथली प्रसूती सेवा हलवू नये', मग प्रतिनियुक्ती रद्द करा, मग क्वार्टर, मग गावात चोवीस तासांचं केंद्र आणि उभी ॲम्ब्युलन्स. नगरपालिकेत ठरावाचा विषय ठेवला होता. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. टेम्सकाठ, तुम्ही म्हणालात तसं कळलं जे कळायचं ते. पुढच्या सभेला आम्ही गॅलरीत बसणार आहोत.

टेम्सकाठ

तहकूब ही चांगली खूण आहे. विरोधात हात वर करायची हिंमत नाही असा तिचा अर्थ.

खुसपट

साहेबांनी त्या दीड पानावर काय म्हटलं?

कडुलिंब

पहिल्यांदा वाचलं आणि खाली बसवलं. चहा मागवला. म्हणाले, हे कुणी लिहून दिलं? मी म्हटलं, आहेत आमचे काही लोक.

स्थलांतराची तारीख तूर्त पुढे गेली आहे, कागद मात्र अजून हातात नाही. शनिवारी आठवडी बाजार आहे, गेटबाहेर कडुलिंबाखाली सह्यांचं टेबल टाकतोय. संगणकवाला, तुमचा फॉर्म छापून घेतला, पत्त्याचा रकाना तेवढा मोठा केला.

संगणकवाला

:) अंगठ्यासाठीही जागा ठेवा.

मंजिरी_प

आणि त्या बाळाचं काय? हातगाडीवाल्या?

कडुलिंब

वर्षाचं झालं. चालायला लागलंय, गाडीचा दांडा धरून. त्या चाकाला अजून तेल घातलेलं नाही.